सोसत नाही

वजनमापे खात्यातल्या निरीक्षक साहेबांचं पोट नाजूक आहे, हे त्यांच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतक्याच निश्चितपणे मानलं जात असे. फरक एवढाच, की सूर्यासाठी कुणी वेगळं पातेलं चढवत नसे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी वांग्याची भाजी खाऊन साहेबांना रात्रभर कळा आल्या होत्या. दोष वांग्याचा होता, की ती भाजी भर उन्हाळ्यात दिवसभर डब्यात कोंडलेली होती याचा, हे तपासायला त्यांनी तेव्हाच नकार दिला, आणि पुढे तो नकार हीच त्या घराची घटना झाली. तीत दुरुस्त्या मात्र वरचेवर होत राहिल्या.

वांगं सोसत नाही, इथून सुरुवात झाली. मग लसूण सोसेना, दही सोसेना, डाळ, काकडी, तळलेलं काहीही सोसेना. पदार्थ संपत आले, पण साहेब थांबले नाहीत. लांबचा प्रवास सोसेना. बायकोचा भाऊ मुक्कामाला आला की त्यांना आंबट ढेकर सुरू होत, ते त्याची बॅग दाराबाहेर पडली की थांबत. घरात वादाला तोंड फुटलं की साहेब एक शब्द बोलत नसत. उजवा हात तेवढा पोटावर नेत. शहाण्या माणसाने कमरेच्या पिस्तुलावर नुसता हात ठेवावा, तसा. पुढचं आपोआप मिटे.

"आमच्या घरात चारजण आहेत," मुलगी घरी होती तोवर मैत्रिणींना सांगायची. "आई, मी, बाबा आणि बाबांचं पोट. मताचा अधिकार फक्त चौथ्याला."

नोकरीत हेच पोट साहेबांना फळलं होतं. काटे तपासायला ते बाजारात शिरले, की मखमली कप्प्यांची पेटी उघडत, एकेक प्रमाण वजन फडक्याने धरून पारड्यात ठेवत आणि काटा सरळ असला तरच त्यावरच्या शिशात सरकारी शिक्का ठोकत. दुकानदार चहा पुढे करी. "सोसत नाही." थंड मागवू? "तेही नाही." काही खाता का साहेब? साहेब हात पोटावर नेत. ज्याला साधा चहा पाजता येत नाही त्याच्याशी पुढचं बोलणं कसं सुरू करायचं, हे बाजारातल्या भल्याभल्यांना कधी कळलं नाही. 'हे साहेब खात नाहीत,' असं सगळे म्हणत आणि ते दोन्ही अर्थांनी खरं होतं. यातला कुठला अर्थ कुठल्या अर्थावर उभा आहे, ते कुणी तपासलं नव्हतं. साहेबांनीही नाही.

बायको परिचारिकांच्या विद्यालयात शिकवत असे. दुसऱ्या गावची बढती तिला याआधीही आली होती आणि दरवेळी ती याच पोटात गडप झाली होती. यंदा मात्र थेट प्राचार्यपद आलं. गाव रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर.

"या वेळी मला जायचंय," कपबश्या विसळता विसळता ती म्हणाली.

साहेबांचा हात निघाला.

"हात खाली ठेवा. मी पोटाबद्दलच बोलतेय. तुम्हाला पटेल असा माणूस तुम्हीच शोधा. तो म्हणाला, यांना वेगळं शिजवणारं माणूस घरात हवंच, तर मी नाही म्हणून कळवते. पुन्हा विषय काढणार नाही. तो म्हणाला नको, तर मी निघाले."

"डॉक्टरांना काय कळतंय?"

"डॉक्टर म्हटलंच नाही मी. गावातले तुम्ही सगळे संपवलेत."

ते खरं होतं. 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं जो जो म्हणाला, तो तो डॉक्टर साहेबांच्या मते कच्चा निघाला होता. शेवटी त्यांना चष्म्याच्या दुकानावरची पाटी आठवली: समग्र आहारसल्लागार. खाली लिहिलं होतं, 'प्रत्येक शरीर वेगळं. तुमचा आहार फक्त तुमच्यासाठी.' इतका न्याय त्यांच्या शरीराला कुणी दिला नव्हता. फोनवर बाई म्हणाल्या, "पहिली भेट लांबते हं. मी सगळं ऐकून घेते." साहेबांनी तिथल्या तिथे वेळ ठरवली. निकाल आपल्या बाजूने लागणार, याची त्यांना खात्रीच होती.

ठरल्या वेळी ते बायकोला घेऊन गेले. बाईंची खोली स्वच्छ होती. वेताच्या खुर्च्या, बरण्यांतून नाना तऱ्हेच्या बिया, भिंतीवर आतड्याचं रंगीत चित्र, कोपऱ्यात माणसं तोलायचा काटा. काट्यावर शिक्का नव्हता. एरवी साहेबांनी पेन काढलं असतं. पण आज आपण फिर्यादी आहोत, याचं त्यांनी भान ठेवलं.

ते बोलले, आणि काय बोलले! नोकरीत कधी फुटली नव्हती अशी वाणी त्यांना फुटली. बाई झोपेबद्दल विचारत, श्वासाबद्दल विचारत, "मनावर काही ओझं?" असंही विचारत, आणि साहेब प्रत्येक उत्तर फिरवून पोटाशी आणून ठेवत.

"वांगं खाल्लं की नेमकं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"खातच नाही मी."

"बरं. शेवटचं कधी खाल्लं होतं?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. तारखा तिच्या लक्षात असत.

"काल दुपारी," बायको म्हणाली.

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली.

"डाळ काल रात्री. दही परवा. लसूण रोजच." ती बाईंकडे वळली. "मुलगी लहान होती, माझ्या तेव्हा इस्पितळात रात्रपाळ्या असायच्या, दोन-दोन पातेली जमेनात. मग एकातलंच काढायला लागले. यांचं तेवढं वाटीत कुस्करायचं, पाणी घालून फिकं करायचं. फिकं दिसलं की यांना सोसतं."

"आणि चव?" बाईंनी खऱ्या कुतूहलाने विचारलं.

"चवीसाठी कुठे जेवतात ते? पथ्य म्हणून जेवतात."

"तू मला फसवलंस!" साहेब म्हणाले.

"मी तुम्हाला जेवू घातलं."

"मग इतकी वर्षं गेली का नाहीस?"

"कशी जाणार? तुमचं पोट धडधाकट आहे म्हणायचं, तर माझं पातेलं खोटं आहे हेही सांगावं लागलं असतं. आज विचारणारं माणूस तुम्हीच निवडलंत, म्हणून सांगितलं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, प्रत्येक शरीर वेगळं असतं," त्या म्हणाल्या. "तुमचं तितकंसं नाही. तरी खात्री करू. आठवडाभर सगळं उघड्या डोळ्यांनी खा आणि मग एकटे या. तेव्हा काय ते सांगते."

साहेबांनी यात आशेला जागा शोधली. नकळत खाल्लेलं पचलं असेल. कळून खाल्लेलं पचेल कशावरून? दुसऱ्याच दिवशी ते बाजारातल्या खाणावळीत जाऊन बसले आणि त्यांनी वांगं, डाळ, दही आणि तळलेलं जे जे होतं ते मागवलं. खाणावळवाला ताट ठेवून तिथेच उभा राहिला. समोरच्या किराणावाल्याने गिऱ्हाईक तसंच सोडलं. साहेबांनी ताट चाटूनपुसून साफ केलं, पैसे चुकते केले आणि कळांची वाट पाहत कचेरीत जाऊन बसले.

कळा आल्या नाहीत. आला तो किराणावाला, बगलेत सुक्या मेव्याचा डबा मारून.

"हे काय?"

"काही नाही, साहेब. बाजारात ऐकलं…" त्याने आवाज खाली आणला. "साहेब खायला लागले म्हणून."

साहेबांनी त्याला डब्यासकट जिन्यापर्यंत हाकललं. पण इतकी वर्षं असा डबा आपल्यापर्यंत पोचला का नव्हता, हा प्रश्न जिन्यावर त्यांच्यापाशीच राहिला. आपण नाही म्हणत होतो, की पोट नाही म्हणत होतं?

आठवडाभर ते नेटाने खात राहिले. पोटातलं पाणी हललं नाही. उलट तिसऱ्या प्रहरी कावळे ओरडायला लागले. ज्या पोटाला जन्मभर फुलासारखं जपलं, ते आतून हमालाचं निघालं.

ठरल्या दिवशी ते एकटेच बाईंसमोर बसले.

"काय त्रास झाला?"

"भूक लागते."

"छान. मग तुम्हाला माझी गरज नाही."

"मॅडम," साहेब खुर्चीच्या कडेला सरकले, "एक तरी ठेवा. सगळं काढून घेऊ नका. डाळ म्हणा, दूध म्हणा, काहीही. यांना सांभाळावं लागेल, एवढं एक वाक्य."

"ते खरं नाही ना पण."

"तुमच्याकडे एवढी माणसं येतात. सगळ्यांचं खरंच असतं का?"

"नसतं," बाई मोकळेपणाने म्हणाल्या. "नुसतं 'सगळं खा' म्हटलं तर माणसं नाराज होऊन जातात. मी त्यांना दोन बिया जास्त देते. पण त्या बियांपायी कुणाच्या बायकोची नोकरी अडत नाही."

साहेबांची नजर कोपऱ्यात गेली. मग त्यांच्या तोंडून जे निघालं, ते नोकरीच्या सबंध काळात एकदाही निघालं नव्हतं.

"तुमच्या त्या काट्यावर शिक्का नाही. मी बघितलंय. म्हणजे… न बघितल्यासारखंही करता येतं."

बाईंना समजायला एक क्षण लागला. समजलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं.

"दंड करा," त्या म्हणाल्या. "मी भरीन. पोट मात्र चांगलं आहे तुमचं."

जिना उतरताना साहेबांचे कान तापले होते. किराणावाल्याला त्यांनी ज्या जिन्यावर सोडलं होतं, तिथेच आता आपण उभे आहोत असं त्यांना वाटलं. त्याच्या हातात निदान डबा तरी होता.

घरी बायको गणवेशाच्या साडीला इस्त्री करत होती. बढतीच्या पत्राचं उत्तर सकाळी टाकायचं होतं.

"काय म्हणाल्या?"

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. बाई काही विचारपूस करायला घरी येणार नव्हत्या. साहेबांनी एक शब्द उच्चारला असता तर तो चालून गेला असता, कारण त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवायची या घरात रीत नव्हती. हात पोटाकडे निघालाही. पण बायकोने इस्त्री उभी करून ठेवली आणि नुसती वाट पाहत राहिली, तेव्हा तो वाटेतच खाली आला.

"जा म्हणाल्या."

"कुणाला?"

"तुला. आणखी कुणाला?" साहेब खेकसले. "माझं काय, दगड खाल्ले तरी पचतील म्हणे."

बायकोने साडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"खाणावळीचं रोज रोज नका खाऊ," जरा वेळाने ती म्हणाली. "भातभाजी शिकवते, या इकडे."

साहेब स्वयंपाकघरात गेले. एवढ्या वर्षांत तिथे ते पाणी प्यायला तेवढे जात असत. बायकोने कांदा, वांगी आणि सुरी पुढे ठेवली, फोडणी कशी करायची ते सांगितलं, आणि म्हणाली, "आता चवीपुरतं मीठ."

"चवीपुरतं म्हणजे किती?"

"चवीपुरतं म्हणजे चवीपुरतं. अंदाजाने."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ज्या शब्दासाठी त्यांनी आजवर दुकानं बंद करवली होती, तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच पातेल्यावर, उजळ माथ्याने वावरत होता.

"अगं पण कुणाच्या अंदाजाने?"

"तुमच्या," बायको म्हणाली आणि मिठाची बरणी त्यांच्या हातात देऊन पत्र लिहायला निघून गेली.