कारणाचा रकाना

हातमोजे घातले होते मी. निळे, दोन्ही हातांत. तरी काकू म्हणाल्या, "तू नको हात लावूस. ग्रेसला उचलू दे. देवाची वस्तू आहे ती. डोन्ट माइंड हं, बेटा."

माझे हात समईच्या दोन्ही बाजूंना होते. क्षणभर तसेच राहिले. मग मी ते मागे घेतले. घेतले, हेच मला आजही खुपतं.

अमेरिकेतल्या एका माजी राष्ट्राध्यक्षांच्या ग्रंथालय-संग्रहालयात मी काम करते. वर त्यांची कागदपत्रं, खाली तळघरात त्यांना जगभरातून आलेल्या भेटवस्तू. तलवारी, गालिचे, शाळेतल्या पोरांनी काढून पाठवलेली चित्रं. प्रत्येकीला नंबर. त्या पेटीतून काढायच्या, तपासायच्या, परत ठेवायच्या, हे माझं काम. ग्रेस माझी सुपरवायझर. माझ्या व्हिसाच्या कागदांवर सही तिची. आणि काकू इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्याच घराच्या बेसमेंटमध्ये मी राहते. म्हणजे पोट एकीच्या हातात, छप्पर दुसरीच्या.

संग्रहालयात दिवाळीचा फॅमिली डे ठरला होता. मुलांनी आकाशकंदील करायचे, आणि मंडळानं कधीकाळी राष्ट्राध्यक्षांना भेट दिलेली चांदीची समई मांडायची. आणखी काय मांडता येईल ते बघायला काकू आल्या होत्या. मी एक खण ओढला. आत कोल्हापुरी चपला. कानवाल्या, पट्ट्यावर वेणी. लेबलवर लिहिलेलं, 'कारागीर अज्ञात'.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, ही वेणी माझे बाबा डोळे मिटून घालतात!"

"म्हणजे चपलांचं दुकान आहे का तुमचं?"

"नाही. शिवतात."

काकूंनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी खण लावला आणि समईकडे वळले. पुढचं सांगितलंच आहे.

आई सांगायची, आडनाव विचारलं तर गावाचं नाव सांग आणि हस. कॉलेजात हसले, होस्टेलवर हसले. काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हाही "आम्ही कोल्हापूरकडचे" म्हणून गोड हसले. इतकी वर्षं सांभाळलेलं ते हसू, बाबांच्या वेणीपुढे एका मिनिटात विसरले. आनंद झाला होता हो मला. दुसरं काही नाही.

काकू मला हात लावू देत नाहीत, हे ग्रेसला सांगायला गेले. तिनं अर्धवट ऐकलं. धार्मिक वस्तू आहे, त्यांच्या भावनांचा मान राखू या, म्हणाली. अगदी प्रेमानं. आणि समई उचलली. त्या समईला नंबर होता, ती सरकारची होती, कुणाच्या देवघरातली नव्हती. पण मी बाजूला होऊन तिला वाट दिली.

वस्तू जागेवरून हलली की कागद भरायचा, असा आमच्याकडे नियम. कुणी उचलली, कशा स्थितीत होती, ठरलेला माणूस बदलला असेल तर का बदलला. कारणाच्या रकान्यात 'शेड्यूलिंग' लिही, ग्रेस म्हणाली. मी लिहिलं. माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात.

घरी काकूंच्याच गाडीतून जावं लागलं. त्या वेळेला तिथून बस नाही. वाटभर त्या पणत्यांच्या ऑर्डरबद्दल बोलत होत्या, काही झालंच नाही अशा. मी सीटबेल्ट धरून बसले होते. रोज मी वर त्यांच्या टेबलावर, स्टीलच्या ताटात जेवायचे. त्या संध्याकाळी जिन्यावरून हाक आली, "तुझं खाली ठेवलंय गं!" पायरीवर कागदी प्लेट. दोन पोळ्या, वांग्याची भाजी. मला आवडते म्हणून त्या करायच्या, तीच.

भूक लागली होती. खाल्लं. मग ती रिकामी प्लेट मांडीवर घेऊन बसले आणि रडले. आधी काकूंचा राग आला. मग ग्रेसचा. मग माझा. काकू बोलल्या ते हवेत विरून जाईल, ग्रेस विसरूनही जाईल. पण तो कागद राहणार. पुढे कधी कुणी तो उघडेल आणि त्याला खोटं सापडेल, आणि ते खोटं माझ्या अक्षरात असेल.

आमच्याकडे कागदावरचं चुकलेलं खोडत नाहीत. एकच रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं, सही, तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'शेड्यूलिंग'वर रेघ मारली. वर लिहिलं, "देणगीदार मंडळाच्या प्रतिनिधीच्या सांगण्यावरून. कारण, ठरलेली कर्मचारी चांभाराची मुलगी आहे." सही केली. पूर्ण आडनावासकट.

ग्रेसचा चेहरा लाल झाला. "हे पर्मनंट रेकॉर्ड आहे, यू नो दॅट?"

"आय नो."

माझ्या नोकरीची मुदत वाढवायचं आता ती 'बघते' म्हणाली आहे. काकूंना महिनाअखेरीला बेसमेंट पाहुण्यांसाठी हवंय. नवी खोली मिळालेली नाही. भीती वाटते. रोज वाटते.

शनिवारी फॅमिली डे. ग्रेसनं माझी ड्यूटी समईवरून काढून कंदिलांवर लावली आहे. चपलांच्या लेबलवर 'अज्ञात'च्या जागी 'कोल्हापूरचे चांभार' लिहावं म्हणून मी लेखी अर्ज दिलाय, त्यावर उत्तर नाही. पण शनिवारी मी समईपाशीच उभी राहणार आहे. मंडळातली एखादी मावशी येईल, विचारेल, नवीन दिसतेस गं, आडनाव काय तुझं? आडनाव सांगेन. बाबा काय करतात तेही सांगेन. आणि हसणार नाही.