ह्यांचा रस्ता मशीनमध्ये भरताना

आमच्या होमस्टेत येणारे रायडर आधी ह्यांना विचारायचे, "काका, उद्या कुठून नेणार आम्हाला?" आता ते मला विचारतात, "काकू, रूटची फाइल आहे ना?" ह्या दोन प्रश्नांच्या मधले दिवस मी लॅपटॉपपुढे बसून काढले, आणि खरं सांगायचं तर मी दमले.

नंदिगड्ड्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच आमचं घर आहे. पावसाळा सरला की पुण्या-बेळगावाकडचे मोटरसायकलवाले येतात. मोठाल्या गाड्या, गुडघ्याला ढाली, हँडलवर बसवलेलं जीपीएस. पुढे हे आपल्या जुन्या गाडीवर आणि मागे ती वरात. कुळगीच्या बाजूचे जंगलातले रस्ते, ओढ्यांवरच्या फरश्या, फॉरेस्टचा कुठला नाका कधी बंद होतो, सगळं ह्यांच्या डोक्यात. त्या डोक्यावर आमचा संसार चालला.

मग साखरेनं ह्यांचा डावा डोळा गेला. हळूहळू गेला, आणि ह्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. एक दिवस रामनगरहून येताना गाडी थेट मोरीत घातली. म्हणाले, कुत्रं आडवं आलं. कुत्रंबित्रं काही नव्हतं. डाव्या हाताला मोरीचा कठडा होता, तो ह्यांना दिसलाच नाही. खांद्यावर निभावलं. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली तेव्हा ह्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली, आणि घरी आल्यावर म्हणाले, "त्यास्नी काय कळतंय? एक गेला, दुसरा हाय की."

मी भांडून बघितलं, रडून बघितलं, अबोला धरून बघितला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एवढं कळलं, की ह्यांना गाडीवरून उतरवायचं तर रस्ता ह्यांच्या डोक्यातून काढून रायडरांच्या त्या जीपीएसच्या मशीनमध्ये भरला पाहिजे. ते आपले आपण जाऊन सुखरूप परत आले, तर ह्यांना जायला कारण उरणार नाही. म्हणून मी, मुलीनं टाकून दिलेला लॅपटॉप पुसून, सॉफ्टवेअर शोधायला बसले.

म्हटलं तर सोपं काम. नकाशावर रेघ ओढायची आणि ती मशीनमध्ये पाठवायची. पहिलं घेतलं ते फुकटातलं, इंटरनेटवर चालणारं. दिसायला देखणं, पण रेघ जरा हलवली की त्याला रेंज लागायची. आमच्याकडे रेंज मिळते गोठ्यामागच्या चढावर, तीही तिच्या मर्जीनं. तिथे मी लॅपटॉप कडेवर घेऊन उभी राहायची आणि म्हशी माझ्याकडे बघायच्या. दुसरं वर्षाची वर्गणी मागणारं. त्यात वळणाचे रस्ते शोधून देणारं एक बटण होतं. आमच्याकडे सरळ रस्ता आहे कुठे? ते बिचारं गडबडलं आणि त्यानं रेघ नेली ती फॉरेस्टनं कधीच बंद केलेल्या वाटेवरून. तिसरं फोनवर छान चालायचं, फक्त मशीनशी त्याचं जमायचं नाही.

राहिलं ते मशीन बनवणाऱ्यांचंच जुनं सॉफ्टवेअर. कुरूप, मंद, आणि बटणांची नावं कुणीतरी रागाच्या भरात ठेवलेली. पण रामनगरला जाऊन एकदा नकाशा उतरवून आणला, की रेंज असो नसो, ते चालायचं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून तेच ठेवलं.

दुपारची जेवणं उरकली की हे माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. मी नकाशावर पुढे सरकायची, हे सांगायचे.

"हितं थांबायचं."

"इथे काय आहे?"

"देव हाय न्हवं."

खरंच होता. फाट्यापासून जरा आत, झाडाखाली वाटेवरचा देव. येणारा-जाणारा हिरवी डहाळी मोडून त्याच्यापुढे टाकतो आणि मगच पुढे जातो. मी तिथे थांबा टाकला. पुढे गेल्यावर ह्यांनी रेघ मध्येच आत वळवायला लावली. म्हटलं, सरळ रस्ता असताना आत कशाला?

"आत झाडी चांगली हाय."

झाडी आमच्याकडे सगळीकडेच चांगली आहे. आत ह्यांची मावशी राहते. रामनगरच्या बाजारातली सुकी मासळी तिला पोचवायला हे दर खेपेला वळायचे आणि मागचे रायडर झाडीचे फोटो काढायचे. मला हसू आलं, पण मी तिथेही थांबा टाकला. आमच्या भागात कुणाकडे गाडी असली की ती त्याच्या एकट्याची नसते. कुणाच्या गोळ्या, कुणाची बॅटरी, कुणाचा निरोप. गाडी जिथे जिथे थांबते तो तिचा रस्ता. मीही ह्याच मुलखात वाढलेली. रस्ता असाच असतो, ह्यात मला काही वावगं वाटलं नाही. हे म्हणतील तिथे मी थांबा टाकत गेले.

ती फाइल घेऊन पुण्याची एक तुकडी निघाली. दुपार कलायच्या आत सगळे तोंडं पाडून परत. त्यांची म्होरकी चष्मेवाली बाई, स्वभावानं शांत, पण तीही वैतागली होती.

"काकू, मशीन आम्हाला पुढे जाऊच देत नव्हतं."

देवापाशी ते आत वळले नाहीत, सरळ निघाले. मशीनमधली बाई मागे वळा, मागे वळा म्हणत राहिली. ते मागे आले, तिचं समाधान केलं, पुढे गेले, तर पुढचा थांबा चुकला. पुन्हा मागे. मावशीच्या अंगणात शिरल्यावर मशीनमधल्या बाईनं सांगितलं की आलं तुमचं ठिकाण. मावशीनं सगळ्यांना बसवलं, कोकमाचं सरबत दिलं आणि मासळी कुठं हाय म्हणून विचारलं. जिथवर जायचं होतं त्या नदीपर्यंत ते पोचलेच नाहीत.

"पुढच्या वेळी काकाच येऊ देत," ती म्हणाली. "माणूस तो माणूस."

मी ह्यांच्याकडे बघितलं. मोरीत पडल्यापासून ह्यांचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता. हे मुद्दाम केलं असेल का, असं एकदा मनात आलं. पण नाही, ह्यांना रस्ता तसाच ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडी धूत होते.

"शनवारी बेळगावची पोरं येताहेत," म्हणाले. "त्यास्नी मी नेतो. बघितलंस न्हवं मशीनचं?"

"आणि डोळ्याचं काय?"

"रस्ता मला डोळं मिटून गावतोय."

"रस्ता गावंल हो. समोरनं येणारा ट्रक डोळं मिटून गावंल काय?"

हे फडका पिळून चाकं पुसत राहिले.

तो आठवडा माझा त्या सॉफ्टवेअरनं खाल्ला. पाठीला कळ लागायची, चुलीवरचं करपायचं, करंट जाऊन बॅटरी संपली की केलेलं काम पुसून जायचं. पण शेवटी गाठ सापडली. त्यात खुणा दोन तऱ्हेच्या असतात. एक बोलकी: मशीन तिला थांबा समजतं आणि तुम्ही तिला शिवल्याशिवाय पुढे सोडत नाही. दुसरी मुकी: तिनं रस्ता हवा तसा वळतो, पण तिच्यावरून जाताना मशीन चकार शब्द काढत नाही. आणि मी सगळ्या खुणा बोलक्या टाकल्या होत्या, कारण ह्यांच्या रस्त्यावर प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बोलणारं होतं.

मी एकेक खूण मुकी करत गेले. मावशीचं वळण तर काढूनच टाकलं. मासळी आता बसनं पाठवते. देवाच्या खुणेशी आले तेव्हा हे मागे येऊन उभे होते.

"देवाला बी मुकं करतीस?"

"नाही केलं तर ती पोरं पुन्हा मागंपुढं फिरत बसतील."

"डहाळी टाकल्याबिगर जातंय का कोण तिथनं?"

"ते जातात. त्यांना ठाऊकच नाही."

"म्हणूनच मानूस लागतंय बरोबर. सांगाय."

ह्यांचं बरोबर होतं. पण देव समजून घेईल, ट्रक घेणार नाही, एवढाच विचार केला आणि ती खूण मुकी केली. हे आत निघून गेले.

शनिवारी बेळगावची मुलं आली. हे बूट घालून अंगणात तयार. मी सरळ त्या मुलांना सांगितलं, "फाइल तयार आहे. आज काका येत नाहीत, त्यांचा डोळा बरा नाही." मुद्दाम चारचौघांत बोलले, कारण चारचौघांत हे भांडत नाहीत. मुलं म्हणाली, हो हो, काका, आराम करा. गाड्या गेल्या. हे बूट न काढता कट्ट्यावर बसले.

अख्खा दिवस ह्यांनी त्यांच्याबरोबर रस्ता केला. "आता फरशीवर असतील." "आता चढाला लागले असतील." जेवताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "नाक्यावरच्यानं अडवलं नसलं म्हंजे बरं." मी वाढत राहिले. मुलं येऊ नयेत, चुकावीत, असं ह्यांना वाटत असेल का? मला नाही वाटत. हे त्यांची काळजीच करत होते.

ऊन असतानाच मुलं परत आली, लाल मातीनं माखलेली आणि खुशीत.

"एकदम झकास, काकू. कुठे थांबावंच लागलं नाही."

हे कट्ट्यावरून उठून त्यांच्याजवळ गेले. "फाट्याच्या आत ते झाड बघितलासा?"

"कुठलं झाड, काका?"

"आन् वाटंत कोण भेटलं? कुणी काय विचारलं काय?"

"कोणीच नाही. रस्ता अगदी मोकळा."

"बरं झालं," हे म्हणाले. एकाच्या गाडीची चेन ढिली झाली होती ती ह्यांनी बोटानं तपासली आणि आवळून घ्यायला सांगितली. मग आत आले. मी चहा गाळत होते.

"चालतंय की तुझं मशीन," म्हणाले. आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "आता मी न्हाई गेलो तरी चालतंय."

हेच ऐकायला मी इतके दिवस जिवाचं रान केलं होतं. आता ऐकलं, आणि वाटलं की हात धरून म्हणावं, अहो, तुमच्याशिवाय कसलं चालतंय, त्या रस्त्याला आता कुणी ओळखत नाही. शब्द तोंडापर्यंत आले होते. हे माझ्याकडे बघत उभे होते, मी तेच म्हणेन अशा आशेनं.

"व्हय," मी म्हणाले. "चालतंय."

दुसरं काहीही म्हणाले असते, तर पुढच्या खेपेला ह्यांनी गाडी काढली असती.