माझ्या हाताची बशी

अक्षर वेडंवाकडं आहे, चौथीपर्यंतच शिकले, चुका पदरात घ्याव्यात. औषधी साबणाचा वास आला की मला ती काचेची बशी आठवते. आमच्या पारनेरच्या मळ्यात पुण्याची एक चित्रकार बाई आली होती. माती आणि माणसाचं नातं दाखवायचं म्हणून तिनं घरातल्या बायकांचे हात बशीतल्या खळीसारख्या थरावर टेकवून घेतले. मी कांद्याच्या वाफ्यातून तशीच उठून आले होते. आठवड्यानं ती बशा घेऊन परत आली. सासूबाईंच्या आणि धाकट्या जावेच्या बशीत थोडेच ठिपके होते. माझ्या बशीत पिवळे, गुलाबी, केसाळ ठिपके उगवून अख्खा पंजा उमटला होता. झाकण उचललं तर नांगरटीचा वास आला. "हे मातीतले जीव, ताई. सगळ्यात सुंदर हात तुमचाच," बाई म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे एवढे जंतू हिच्या हाताला हायेत व्हय?" मला मूल नाही. जावेचं बाळ तेव्हा माझ्याच मांडीवर झोपलं होतं. तिनं ते उचलून घेतलं. "अक्का, आधी साबनानं हात धुवा." मी धुतले. बाळ परत दिलं नाही. बशीचा फोटो पुढं प्रदर्शनात लागला म्हणे. ते बाळ आता शाळेत जातं, आणि माझ्या हातून पाण्याचा तांब्या घेण्याआधी आईकडं बघतं.