आवडाबाईंची भरती

आवडाबाईंना भरतीची वेळ विचारली तर त्या घड्याळाकडे बघत नाहीत. विचारतात, "आज तिथी कनची?" तिथी सांगितली की बोटांच्या पेरांवर हिशेब करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास निघतात. आणि कोपरीच्या खाडीत पाणी आत यायला अर्धा तास उशीर लागतो, तो वर धरायचा. शाळेत त्या एक दिवसही गेलेल्या नाहीत, पण पाऊणकीचा पाढा आमच्या आठवीच्या मुलांपेक्षा त्यांचा पक्का आहे.

मी डोंबिवलीला, कोपरजवळच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. आठ वर्षांपूर्वी एका संस्थेबरोबर मुलांना ठाणे पूर्वेला कोपरीच्या खाडीवर घेऊन गेले होते. संस्थेचा मुलगा चांगला शिकलेला, गळ्यात दुर्बीण, हातात माईक. तो चिखलातलं एक भोक दाखवून खेकड्याबद्दल सांगत होता. तेवढ्यात मागच्या बांधावरून आवाज आला, "अरे बाबा, तो खेकड्याचा नाय, निवटीचा हाय. थांब, बाहेर येल आता."

सगळे थांबलो. खरंच, भोकातून निवटी बाहेर आली. डोळे डोक्यावर असलेला तो बोटभर मासा चिखलावर टुणटुण उड्या मारायला लागला. मुलं माईक सोडून बांधाकडे धावली. तिथे नऊवारीचा काष्टा घातलेल्या, पदरात भेळ घेऊन बसलेल्या आवडाबाई होत्या. त्या दिवसापासून आमची खाडीची सहल म्हणजे आवडाबाईंची सहल.

त्या मूळच्या तिथल्याच. वडील मिठागरावर कामाला. आठव्या वर्षापासून डोक्यावर मिठाची टोपली. मिठागर गेलं, शेत गेलं, जागेवर इमारती आल्या. आता मुलाचे, दिपेशचे, तीन फ्लॅट आहेत, दारात गाडी आहे. आवडाबाई चौथ्या मजल्यावर राहतात आणि रोज सकाळी लिफ्टने खाली येऊन खाडीवर जातात. दिपेशला ते आवडत नाही. "आई, आपल्याला काय कमी हाय? लोकांच्या पोरांना चिखलात घेऊन काय फिरतेस?" त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "तुला फिरवलं असतं तर तू असा झाला नसतास."

त्यांचा नियम एकच होता आणि तो फार कडक होता. चिखलात उतरायच्या आधी प्रत्येकाने चपला काढून बांधावर एका ओळीत लावायच्या. वर आल्यावर आपली जोडी आपण घालायची. एकही जोडी उरली तर कोणी हलायचं नाही. "तुमी हजेरी बोलून घेता. कोन पन 'हजर' बोलंल. चप्पल खोटा बोलत नाय."

हा नियम मोडला म्हणूनच तीन वर्षांपूर्वी घोळ झाला. प्रीती नावाच्या मुलीला आईने बजावून पाठवलं होतं, त्या घाणीत अनवाणी उतरायचं नाही. तिने जुन्या चपलांची जोडी पिशवीतून आणून ओळीत ठेवली आणि स्वतः नवे बूट घालून उतरली. बूट चिखलात फसला, ती गुडघ्यापर्यंत आत गेली. अनवाणी पाय असता तर अलगद निघाला असता. आवडाबाईंनी पालथं पडून तिला ओढून काढली. पोरगी हसत होती, बूट मात्र खाडीने ठेवून घेतला. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर फोटो फिरले, आणि दुसऱ्या दिवशी तिर्लोटकर सरांनी सहल बंद केली.

तिर्लोटकर सर आमचे मुख्याध्यापक. कमी बोलणारे, गणिताचे. मे महिन्यात स्टाफरूममध्ये आंब्याची पेटी आणून ठेवतात आणि कोणी आभार मानले तर अवघडतात. मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. एकदा मी स्वतः येतो. बघतो. मग कायमचं काय ते ठरवू."

आवडाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाय, ती पोरा नाय आयली तर मी बांधावर बसून करू काय?"

मला तेव्हा कळलं की आम्हाला वाटत होतं, त्या आमच्यासाठी येतात. पण तसं नव्हतं.

तारीख आम्ही दोघींनी मिळून काढली होती. माघातली शुद्ध षष्ठी, शनिवार, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी. सहाची पाऊणपट साडेचार, वर अर्धा तास, म्हणजे भरती पाचला आणि पाणी पुरतं उतरलेलं साधारण अकराला. दहाला पोचायचं, दोन तास चिखल मोकळा. सगळं जुळलं होतं. पण त्याच शनिवारी शिष्यवृत्तीची सराव परीक्षा लागली. मी सहल बरोबर एक आठवडा पुढे ढकलली, वेळ तीच ठेवली, बसवाल्याला सांगितलं, पत्रक काढलं, सरांची सही घेतली. आवडाबाई तेव्हा कल्याणला, लेकीकडे हळदीला गेल्या होत्या. फोन नातीने, कृतिकाने उचलला. "सांगते आजीला, पुढचा शनिवार, दहा," म्हणाली. झालं.

मी प्रदोषाचा उपास करते. त्या शनिवारी शनिप्रदोष होता. म्हणजे त्रयोदशी आहे हे मला पहाटेपासून ठाऊक होतं, भिंतीवरचं कॅलेंडर बघून महादेवाला बेल वाहून मी घराबाहेर पडले. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. देवाची तिथी एका कप्प्यात आणि पाण्याची दुसऱ्या, असंच ठेवलं होतं मी.

बस बांधापाशी थांबली आणि मी बाहेर बघितलं. चिखल नव्हताच. घाटाच्या वरच्या पायरीला पाणी लागलेलं, तिवराच्या झाडांची नुसती डोकी वर. मुलं ओरडली, "ए, समुद्र!" सरांनी शांतपणे घड्याळ बघितलं. सव्वादहा.

"बाई, चिखल कुठे आहे?"

तेराची पाऊणपट पावणेदहा, वर अर्धा तास. ऐन भरती. एका आठवड्यात पाणी बरोबर उलटं होतं, हे इतकी वर्षं ऐकूनही मी मुलांना त्याच वेळेला आणून उभं केलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आवडाबाई बांधावरून उठल्या.

"गुरजी, मीच बोलावलं भरतीला," त्या म्हणाल्या. "दरसाली पोरांना उघडा चिखल दावतंय. पानी जातं कसा, ते कवा दावू?"

मी बघितलं, आवडाबाईंच्या पायाशी हातहातभर लांबीच्या चाळीसेक काठ्यांची मोळी बांधलेली होती. टोकं ताजी तासलेली. म्हणजे त्यांना सकाळीच कळलं होतं.

"चपला काढा. वळीत लावा. पानी उतरंल तसा एकेक उतरायचा."

पहिली वीस मिनिटं जाता जात नव्हती. पाणी तसंच काठोकाठ उभं. वरून वास, मध्येच एखादी प्लास्टिकची बाटली तरंगत येत होती. मुलं कंटाळली. शिवानी नावाची आमची एक मुलगी आहे, तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "आजी, हे पाणी ढिम्म हलत नाहीये."

"तुझ्यावानीच हाय. उठायला येळ लागतो."

सगळे हसले, शिवानीही. आवडाबाईंनी तिला पिंपळाचं वाळकं पान दिलं आणि पाण्यावर सोडायला सांगितलं. पान हळूहळू गावाकडे सरकलं. मग थांबलं. सगळा वर्ग पायरीवर उकिडवा बसून एका पानाकडे बघत होता. पान जागच्या जागी थोडं गरगरलं आणि उलट्या दिशेने निघालं.

"फिरलं!" शिवानी ओरडली.

"फिरलं," आवडाबाई म्हणाल्या आणि वाकून पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला. दोन-चार मुलांनीही लावला. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

मग काठ्या निघाल्या. दर पंधरा मिनिटांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची. पहिल्या दोन काठ्यांमध्ये चार बोटं अंतर, पुढच्या दोन काठ्यांत वीत, त्याच्या पुढे हात. "आधी धीरं जातं, मग धावत सुटतं," आवडाबाई सांगत होत्या. मुलं पावलं मोजत होती, वहीत लिहीत होती. उघड्या पडलेल्या पट्ट्यात चिखलातून वर आलेली तिवराची बोटांसारखी मुळं दिसू लागली. त्या मुळांनी झाड श्वास घेतं, हे मी फळ्यावर दहा वेळा काढलेलं. आवडाबाईंनी मुळांना गुंडाळलेली एक प्लास्टिकची पिशवी सोडवली आणि म्हणाल्या, "तुझं नाक असं दाबून धरू?" मग चाळीसही जण पिशव्या सोडवायला लागले. अर्ध्या तासात तीन पोती भरली.

साडेअकराला त्यांनी शिवानीच्या वेणीची लाल रिबीन मागून घेतली. साडी खोचून कमरेइतक्या पाण्यात गेल्या आणि लांबच्या एका तिवराच्या बुंध्याला, पाण्याखाली गुडघाभर उंचीवर, हाताने चाचपत रिबीन बांधून आल्या.

"गुरजी, पोरांचे डबे खाऊन होतील ना, तवा त्या रिबनीखालचा चिखल उघडा दिसंल."

सरांनी चष्मा वर केला. "आणि नाही दिसला तर?"

"तर पुढच्या सालापासून येऊ नका."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

एक वाजता मुलं डबे घेऊन बांधावर बसली. रिबीन दिसत होती, पण तिच्याखाली अजून हातभर पाणी. दीड वाजत आला. पाणी वीतभर उरलं. दोनला बस निघणार होती. सर म्हणाले, "डबे आवरा आता."

तेव्हा मला मागून शिवानीची कुजबुज ऐकू आली. "हळू खा रे! कोणी संपवायचं नाही!"

आणि खरोखर, चाळीस मुलं चावत राहिली. जी मुलं शाळेत पाच मिनिटांत डबा फस्त करून मैदानावर पळतात, ती पोळीचा एकेक तुकडा बत्तीस वेळा चावत होती. धनेशचा डबा केव्हाच रिकामा झाला होता. तो शेजाऱ्याकडून एक वाटाणा मागून घेऊन तोच चघळत बसला. सरांनी त्याला विचारलं, "काय खातोस?" "भाजी, सर." "केव्हापासून?" "चांगली झालीये, सर."

माझा उपास होता, मी नुसती मनात महादेवाचं नाव घेत होते.

पावणेदोनला रिबिनीखालचा चिखल चकाकला. आधी रेघेएवढा, मग पसाभर. त्यावर एक निवटी आली आणि जणू तिलाच बोलावलं होतं तशी उडी मारून बसली. मुलांनी असा काही गलका केला की पलीकडच्या बांधावरची बगळ्यांची रांग उठली.

सर उठले. बूट काढले, मोजे त्यात खोचले, जोडी मुलांच्या चपलांच्या ओळीत शेवटी लावली. पँट दुमडली आणि चिखलात उतरले. आम्ही सगळे बघत होतो. माझ्यासारखी माणसं चिखलात पाय थपकन टाकतात आणि मग उपटत बसतात. सर आधी बोटं तिरकी आत घालत होते, टाच मागून, आणि पाय वळवून काढत होते. रिबिनीपर्यंत गेले, ती सोडली, परत आले. एकदाही अडकले नाहीत.

आवडाबाईंनी डोळे बारीक केले. "गुरजी, हा पाय कनच्या खाडीचा?"

"देवगडकडची," सर म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळे हसले. "चाळीस वर्षं झाली सोडून."

मुलं पाय धुऊन चपला घालत होती, आवडाबाई ओळ मोजत होत्या, तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले. "मावशी, तुम्हाला सकाळीच कळलं होतं ना? मला फोन का नाही केलात?"

"केला असता तर तू सहल मोडली असतीस. आन एकदा मोडली की हा मानूस परत आला नसता." त्यांनी शेवटची जोडी गेल्याचं बघून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "पन बाय, खाडीपुढं खोटं बोलले मी. म्हनं मीच बोलावलं भरतीला. जन्मात हिच्यासमोर खोटं बोलले नव्हते."

त्यांनी खाडीला हात जोडले.

"आता दरसाली एकदा पोरांना भरतीला पन आन. म्हंजे ते खरं व्हईल."

बसमध्ये मी सरांच्या शेजारी बसले आणि चूक माझी होती हे सांगून टाकलं. उपासाच्या दिवशी ते पोटात ठेवून घरी जाणं मला जमलं नसतं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"माहीत आहे, बाई. शनिप्रदोष माझी आईपण करायची. पत्रकावर सही करतानाच कळलं होतं, त्रयोदशीला दहाला पाणी भरलेलं असणार."

"मग सांगितलं का नाहीत, सर?"

"ओहोटीला कोणीही शिकवेल. ऐन भरतीला त्या बाई पोरांना कसं सांभाळतात, ते मला बघायचं होतं." मग म्हणाले, "आणि त्या धनेशला सांगा, वाटाणा गिळ आता."

आता आमच्या शाळेच्या वार्षिक नियोजनात खाडीच्या दोन सहली असतात, एक ओहोटीची, एक भरतीची. बुटांबद्दलची सूचना सरांनी स्वतः लिहिली आहे. प्रीती आता नववीत आहे, तरी मदतनीस म्हणून येते आणि सगळ्यांच्या पिशव्या तपासते. भरतीची तारीख काढायला मी दर माघात आवडाबाईंना फोन करते. त्या आता मला तिथी विचारत नाहीत.

"तुझा उपास कवा हाय, बाय?" एवढंच विचारतात.