मावशीच्या कपाटातला मोकळा धागा

मले हे आत्ताच सांगायचं आहे, उद्यावर ठेवलं तर परत गिळून टाकीन. तीन आठवडे झाले, सौसरहून मौसाजीचा फोन आला, "मावशी गेली, ये." एवढंच. पांढुर्ण्याहून बसमध्ये बसली अन् रस्ताभर मले तिचं कपाटच आठवून राहिलं होतं...

सुनंदा मावशी शाळेत नववीले गणित शिकवायची. तिच्या कपाटाच्या एका दारावर सरकारची यादी होती, बीजगणितात पोरांना काय काय आलं पाहिजे ती. दुसऱ्या दारावर पुस्तकातल्या धड्यांची नावं. यादीतली ओळ ज्या धड्यात भेटली, तिथपर्यंत लाल धागा. मौसाजीले शर्ट काढायचा तर धाग्यांखालून हात घालावा लागे. एका ओळीले मात्र धडाच भेटला नाही: रोजच्या गोष्टीतून स्वतः समीकरण बनवता येते. पुस्तकात सगळी तयार गणितं. म्हणून मावशी त्या ओळीसाठी पोरांनाच घरून गणित आणायले लावायची, अन् ज्याचं आलं त्याची चिठ्ठी तिथं एका लोंबत्या धाग्याले बांधायची. नववीत मी तिच्याकडंच राहत होती. मी गाईडमधलं उतरवून नेलं, समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचं.

मावशीनं विचारलं, "ह्या गाड्या आपल्या तिगाव टेशनावर थांबतात का वं?"

"माहीत नाही."

"मंग हे तुह्यं नाही. तुह्यं आण, तवा बांधीन."

मार्क चांगले भेटले, मी काही आणलं नाही. दर दिवाळीले ती विचारायची, "गणित आणलं?" मी म्हणायची, "मावशी, आता कॉलेजही झालं, सोड ना." ती सोडत नव्हती...

तेरवीनंतर तिच्या साड्या काढायले कपाट उघडलं. मधल्या वर्षांत यादी बदलली, पुस्तक बदललं, धागे तिनं दरवेळी नव्यानं बांधले. त्या ओळीपाशी सगळ्या धाग्यांले चिठ्ठ्या, एक मोकळा. बाजूले पेन्सिलनं माझं नाव.

अन् साड्या हातात असतानाच गणित आलं. मावशी एक्कावन्नची, मी चोवीसची. चोवीस अधिक एक्स बरोबर एक्कावन्न. वयाची गणितं गाईडमध्येही असतात, पण त्यात दोघंही वाढत राहतात. इथं तिचं वय थांबलं, माझंच वाढून राहिलं. सत्तावीस वर्षांनी मी तिच्याएवढी होईन...

चिठ्ठीवर लिहिलं, पण बांधायचं मन होईना. ते काम तिचं होतं. मौसाजी म्हणाले, "राहू दे, धागा कुठं जाते." चिठ्ठी अजून मोबाईलच्या कव्हरमध्ये आहे. तुमच्यासोबत झालं का असं, की कोणी वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागत राहिलं, अन् ती तुमच्याजवळ आली ते त्यांच्या जाण्यानंच?