चाकावरचा उंबरा

दुसऱ्याच्या छपराखाली रात्र काढायची नाही, हा हट्ट आमच्या गलाईकाकांइतका सांभाळणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही. लग्नाला गेले की अक्षता पडल्या, जेवले आणि निघाले. एसटी चुकली तर स्टँडच्या बाकावर स्वतःची वळकटी पसरत, मग पाहुण्यांचं घर समोरच्या गल्लीत का असेना. मिरजेला डोळ्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हा दवाखान्यात म्हणाले, "खाट तुमची असू द्या, गादी माझी चालंल का?" चालणार नव्हतीच. तर हे एका डोळ्याला पट्टी बांधून खाली स्वतःच्या जीपमध्ये येऊन झोपले आणि सकाळी तपासायला आपण होऊन वर गेले. मी रागावलो, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात झोप लागत न्हाई असं न्हाई, मास्तर. झोप लय लागती. पंचाईत जाग आल्यावर हुती. आपन हितं कशाला हाय, ते भिंतींस्नी सांगत बसावं लागतंय."

विट्याकडची बरीच माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली असतात. त्या धंद्याला गलाई म्हणतात. काका मिसरूड फुटायच्या आत कोइमतूरला एका दुकानात गेले. खाली भट्टी, वर माळा, माळ्यावर जायला शिडी. त्या माळ्यावर त्यांचा सगळा संसार झाला. मिळालेल्या पैशातून त्यांनी विट्यात दुमजली बंगला बांधला आणि रीतीप्रमाणे त्याला कुलूप लावून परत गेले. माझे अब्बा गाद्या भरायचे. काकांची वळकटी त्यांच्याच हातची, म्हणून ओळख. मी आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला, आणि घर म्हणजे कापसानं भरलेली एक खोली. पुस्तक उघडलं की पानात तंतू. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी बंगल्याची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. अब्बा ओशाळून म्हणाले, "पोरगं झाडलोट करील, राखण करील." काका उसळले. "राखणीला कुत्रं ठेवलं असतं की, भाई! घरातलं म्हनून देतोय." पदवी हातात येईपर्यंत मी त्या बंगल्यात राहिलो. "किती दिवस राहणार?" हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. आज मी सांगलीला शिकवतो, चार माणसांत उभा राहतो, तो त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या जोरावर.

काकू गेल्यावर काकांनी भट्टी विझवली आणि गावी परतले. एकुलता मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत. त्याच्याकडे राहायला गेले. तो मुलगा होता, परका नव्हता, म्हणून हट्ट सोडून गेले. वळकटीसुद्धा नेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मुलानं विचारलं, "बाबा, परतीचं तिकीट काढून ठेवू का? नंतर मिळत नाही." त्यात वाईट काहीच नव्हतं. सून भली, नातीला तर आजोबांच्या मांडीवरून उतरवावं लागे. पण काका त्याच संध्याकाळी विट्याला उतरले, आणि आठवडाभरानं मला फोन केला, "मास्तर, चाकाची खोली घ्यायची. जीपला मागं जोडायची, पोराच्या सोसायटीत लावायची. रोज सकाळी वर जायचं, नातीला खेळवायचं, दिवेलागणीला आपल्या खोलीत. त्येच्या दारात पावना म्हनून जायचं न्हाई. शेजारी म्हनून जायचं."

मग निवड सुरू झाली. ती दोन दिवाळ्या चालली, आणि एवढ्या वेळात माणसं घर बांधून त्याला रंगही देतात. पुणे, कोल्हापूर, पार बेंगळुरूपर्यंत जिथं जिथं असल्या गाड्या बांधतात, तिथं काका गेले आणि प्रत्येक ठिकाणी एकेका माणसाला घाम फोडून आले. सोन्याच्या धंद्यातली खोड; चकाकीकडे बघायचंच नाही. बोटाच्या पेरानं पत्रा वाजवायचे, प्लायवूडचा वास घ्यायचे आणि सेल्समन हसून बोलायला लागला की म्हणायचे, "वरचं ऱ्हाऊ दे. आत काय हाय त्ये सांग." एका गाडीच्या टपावर उलगडणारा तंबू होता, शिडीसकट. काका शिडीकडे बघतच राहिले. "सगळा जन्म शिडी चढून झोपलो, आन् आता पैशे देऊन चढू?" एकीत संडास होता, ती त्यांनी "ताटाला लागून मोरी" म्हणून नाकारली. एकीत दूरचित्रवाणी, फ्रीज, रंगीत दिवे सगळं होतं, पण दाराला उंबरा नव्हता. "उंबरा न्हाई तर खोली कसली? डबा झाला त्यो!" कारखान्यातल्या पोरांना उंबरा म्हणजे काय ते समजावता समजावता माझी जीभ दमली. शेवटी जी पसंत पडली, उंच चाकांची, आखूड, डोंगरातून ओढत न्यायला बांधलेली, तिला विट्याच्या सुतारानं सागवानी उंबरा ठोकला आणि त्यानंतर आत जाणारा प्रत्येक माणूस दंडवत घालूनच आत पडू लागला.

"पुण्याला जायला डोंगरातली गाडी कशाला?" मी विचारलं. "पुण्यातला रस्ता बघितलास का?" काका म्हणाले. घेण्याआधी त्यांनी तिची परीक्षा घेतली ती उसाच्या वाहनांनी खणलेल्या शिवारातल्या वाटेवर. आत दुधाची कळशी ठेवली, तोंडाला फडकं बांधलं आणि जीप अशी हाणली की बांधावरचे बगळे दुसऱ्या गावाला गेले. परत आल्यावर झाकण काढून बोट बुडवलं. "लोणी आलं न्हाई. पास!" अब्बांनी थकलेल्या वयातही तिच्या मापाची गादी भरून दिली. गाडी देणाऱ्या कंपनीचा मिस्त्री तेवढा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "काका, मागं घ्यायला शिका. ट्रेलर उलट्या बाजूला वळतो. रिव्हर्सची सवय करा." काका हसले. "जायाचंच ठरलंय, तर मागं घ्यायचं कशाला शिकू?"

आम्ही दोघं निघालो. साताऱ्यात चहा घेताना लोक गाडीभोवती जमले. एकानं विचारलं, "आवं, यात भेळ हाय का आईस्क्रीम?" काका एवढे खुशीत की त्याला आत नेऊन गादीवर बसवलं. खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत ते नातीला खिडकीजवळची जागा द्यायची की दाराजवळची, याचाच विचार करत होते.

सोसायटीच्या फाटकाशी वॉचमननं हात आडवा केला. "कोणाकडे? पाहुणे का?"

"न्हाई. शेजारी," काका म्हणाले.

वॉचमनला ते शेजारी कुठल्याच इमारतीत सापडेनात. त्यानं फोन केला आणि मुलगा खाली आला, कानात फोनचं यंत्र, मीटिंग सोडून. त्यानं गाडी पाहिली, आमच्या मागं खोळंबलेल्या मोटारी पाहिल्या, आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, असली गाडी आत घेत नाहीत. आणि लोक काय म्हणतील? वडिलांना पार्किंगमध्ये ठेवलंय म्हणतील."

"मी सांगीन की त्यास्नी. मला आवडतंय म्हनून."

"वर चला ना. कोण नको म्हणतंय? फक्त किती दिवस आहात तेवढं आधी सांगा, म्हणजे तशी सोय करतो."

काकांचं तोंड मी बाजूनं पाहत होतो. भट्टीपुढे जन्म गेलेल्या माणसाचा चेहरा राखेसारखा झाला. "आत्ताच निघालो," एवढंच म्हणाले आणि गाडी मागं घ्यायला लागले.

आणि ती मागं येईना. चाक इकडं वळवलं की खोली तिकडं. एकदा फाटकाला, एकदा कुंडीला. मागून हॉर्न, बाल्कन्यांतून माणसं. शेवटी आम्ही ती जीपपासून सोडवली आणि हातांनी ढकलली. वॉचमन, मी, काका, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा. बापलेक एकाच पत्र्याला हात लावून शेजारीशेजारी उभे होते. एवढ्या वर्षांत ते दोघं मिळून एक काम करताना मी पहिल्यांदाच पाहिले, आणि काम काय, तर बापाला दारातून मागं सारायचं. आतली गादी उंबऱ्यावरून अर्धी बाहेर आली होती. मुलानं ती वाकून आत सरकवली, तेवढ्यापुरता तो मला लहान वाटला.

आता ती खोली विट्याला बंगल्यापुढं उभी असते. बंगल्याला कुलूप आणि काका खोलीत. मुलगा दिवाळीला येतो तेव्हा ते कुलूप काढून किल्ली त्याच्या हातात देतात आणि काही विचारत नाहीत. तो मात्र आल्या आल्या सांगतो की परवा निघायचंय.

मागच्या उन्हाळ्यात काका ती खोली घेऊन सांगलीला आले; आता मागं घ्यायला पक्कं शिकलेत. आमच्या गल्लीत लावली. मी माझ्या घराची एक किल्ली करून घेतली होती, ती त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "घरातलं म्हणून देतोय, काका." ते बराच वेळ तिचे दाते चाचपत राहिले, सोनं पारखावं तसे. मग बंडीच्या आतल्या खिशात टाकली, छातीशी.

तेव्हापासून चार-दोनदा येऊन गेले. खोली दाराशी लावतात, उंबरा जपून ओलांडून खाली उतरतात. किल्ली खिशात असते, मला माहीत आहे. तरी ते बेल वाजवतात आणि दार उघडेपर्यंत चपला काढून पायरीवर उभे राहतात.