शिक्क्याचं वजन

जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळ. हजर: मी, माझी मुलगी आणि मस्तगडातले सायकलवाले चाचा.

मुलगी घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या यंत्रावर, सराव करते. ट्रेनर तिची ताकद दोनशे दहा वॉट दाखवतो, पेडलमधला मीटर एकशे पंच्याण्णव. शर्यतीच्या संघात निवडीला दोनशे लागतात, आणि फॉर्मवर आम्ही दोनशे दहा लिहून प्रशिक्षकांना पाठवलंय. चाचांनी ट्रेनरची बाजू घ्यावी, म्हणूनच मी दुकानात गेले होते.

चाचा हात पुसल्याशिवाय मत देत नाहीत. त्या दिवशी बराच वेळ पुसत राहिले. मग शेजारच्या धान्याच्या दुकानातून वीस किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन आणून त्यांनी पेडलला टांगलं. मी ब्रेक दाबून धरला. पेडलच्या मीटरनं मोबाईलवर तेवढाच भार दाखवला. दुसऱ्या पेडललाही तेच.

"पेडल बराबर हाय, बेटा. ट्रेनर तुला खुश करून राह्यलाय."

"पाचानंच हुकतंय, चाचा!" मुलगी म्हणाली.

"मंग पाच कमव. ट्रेनरला घेऊन शर्यतीत जाणार हाय का?"

ती हसली नाही. चाचांनी वजन पुसलं आणि परत देऊन आले.

त्या रविवारी केलेल्या कामांच्या यादीतली बाकी कामं झाली. प्रशिक्षकांना फोन करून आकडा दुरुस्त करायचा, हे अजून राहिलंय.